सेहेचाळीस अर्ज, एक जागा

"उजेडात धरा," बिडवई सर म्हणाले.

मी अर्ज खिडकीशी धरला. नावावर पांढरी पट्टी चिकटवून तिला आम्ही वरून काळी शाई फासली होती. पण दुपारचं ऊन लागताच पट्टीखाली नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मूळ गाव असं सगळं बिऱ्हाड आरामात बसलेलं दिसलं.

"दिसतंय," मी म्हणालो.

"काय दिसतंय?"

"वाचून दाखवू?"

"नको!" सर एवढ्या जोरात ओरडले की बाहेर स्टुलावर बसलेला शिपाई अवघडे आत डोकावला. "वाचायचंच नाही, कोपर्डेकर. तोच तर मुद्दा आहे!"

साल सत्त्याऐंशी. सांगलीकडच्या एका गावात ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. मी तिथं कार्यालय अधीक्षक आणि डॉक्टर बिडवई सहा महिन्यांपूर्वी आलेले मेडिकल सुपरिंटेंडेंट. एमबीबीएस झालेल्या मुलांना आमच्याकडे राहून एखाद्या शाखेचं पुढचं शिक्षण घेता येई. त्या वर्षी भूलशास्त्राची एकच जागा होती आणि अर्ज होते सेहेचाळीस. निवडीची जुनी पद्धत सोपी होती. छापील अर्जात नववा रकाना होता, 'संस्थेच्या विश्वस्तांपैकी कोणी परिचित असल्यास त्यांचे नाव'. त्याला तीन ओळी सोडलेल्या होत्या. परीक्षेतल्या गुणांना अर्धी ओळ.

बिडवई सरांनी तो अर्ज रद्द करून नवा केला. मुलाखत बंद. गावाचा, आडनावाचा, बापाचा वास येईल असं काही समितीसमोर जाता कामा नये. प्रत्येक अर्जाला नंबर द्यायचा, त्या नंबराची फाईल करायची, फायलीतल्या सगळ्या कागदांवरची नावं झाकायची आणि समितीनं फक्त नंबराला गुण द्यायचे.

मला यात उत्साह वाटला नाही. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत सहा सुपरिंटेंडेंट येऊन गेले होते. पहिल्या वर्षी प्रत्येकाकडे तत्त्वं असत आणि दुसऱ्या वर्षी क्वार्टरला नवा रंग. सातव्याचा रंग कोणता असेल एवढंच कुतूहल शिल्लक होतं.

"साहेब," अवघडे दारातून म्हणाला, "एक्स-रेच्या फिलमवरचा काळा कागद लावा की. त्यातनं सूर्य बी दिसत नाही."

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या शिकलेल्या हॉस्पिटलात पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं बोललं होतं. पुढचे चार दिवस मी आणि अवघडे एक्स-रेच्या खोलीतून काळे कागद आणून पट्ट्या कापत आणि डिंकानं चिकटवत बसलो. फोटो झाकले, गुणपत्रिका झाकल्या. चारित्र्याच्या दाखल्यावर पट्टी लावल्यावर चारित्र्य नक्की कुणाचं ते कळेनासं झालं, पण दाखला सगळ्यांचा शब्दशः एकच असल्यानं काही बिघडलं नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी डॉक्टर मंगल ठोसर अर्ज घेऊन आली. दोन वर्षं ती आमच्याकडेच तात्पुरत्या पगारावर कामाला होती. ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञांच्या हाताखाली उभी राहायची. कायम झोपेतून उठल्यासारखी दिसायची, आणि बहुतेक वेळा ती झोपलेलीच नसायची.

"भाऊसाहेब, हा दहावा रकाना खरंच भरायचा?"

दहावा रकाना सरांचा शोध होता. 'तुमच्या हातून झालेली एक चूक लिहा.'

"भरायचा. बाकीच्यांनी भरलाय."

"काय लिहिलंय त्यांनी?"

"अति कष्ट करतो, असं. निम्म्याहून अधिकांची तीच चूक आहे."

ती हसली नाही. टेबलाच्या कडेला उभ्याउभ्याच तिनं पाचसहा ओळी लिहिल्या आणि अर्ज माझ्यापुढं सरकवला. मी पोच फाडून दिली. नंबर एक्केचाळीस.

"भाऊसाहेब, एक विचारू? ज्याच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही, त्याचा अर्ज वाचतात का?"

"आता कुणाचं नावच दिसणार नाही, डॉक्टर. फोन करून करणार काय?"

"बरं." तिनं पोच घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली. "हे तिसरं वर्ष आहे. तीन वर्षांनंतर तुमच्या नियमात मी बसत नाही. वडील म्हणतात, जतला ये, भाड्यानं गाळा बघितलाय. तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याला इंजेक्शन टोचायचं. टोचायला काही नाही. पण मला भूल द्यायला येते हो."

शेवटचं वाक्य तिनं तक्रारीसारखं म्हटलं.

नाव दिसणार नाही, हे मी तिला सांगितलं खरं. पण पोचेवर नंबर होता आणि उमेदवारांना अंक वाचता येत होते. तिसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. पूर्वी लोक 'आमच्या मेहुण्यांचा मुलगा' म्हणायचे, आता म्हणायला लागले, 'तेवीसकडे जरा लक्ष असू द्या.' बँकेचे संचालक सव्वीससाठी बोलले. एका मठातून बारा नंबरला आशीर्वाद आला. वशिल्यानं जेवढ्या चटकन नवी पद्धत आत्मसात केली, तेवढ्या चटकन आमच्या एकाही डॉक्टरनं कधी केली नसेल.

ट्रस्टचे अध्यक्ष आबासाहेब घोरवडे यांचा फोन रोज सकाळी यायचा.

"कोपर्डेकर, अठरा."

"हो, आबासाहेब."

"आपला प्रताप. आमच्या नर्सिंग होमचं बांधकाम होत आलंय. सर्जन घरातला, बाळंतपणाची डॉक्टर घरातली, मेडिकलचं दुकानसुद्धा घरातलं. भूल देणारा तेवढा परका आणायचा, बरं दिसतं का?"

"नाही, आबासाहेब."

"मग बिडवईंना सांगून ठेवा. मीही रोज सांगतोच."

"ते काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. नंबर लिहून घेतात. चांगला माणूस आहे."

नंबर लिहून घेतात! फोन ठेवला आणि मला कुणी पाठीवर दगड ठेवावा तसा थकवा आला. सातव्याचाही रंग ठरला म्हणायचा. कपाटात सेहेचाळीस फायली लाल फितीनं बांधून उभ्या होत्या. नंबर फक्त फायलीच्या पुठ्ठ्यावर. आतल्या कागदांवर नाव नाही आणि नंबरही नाही.

मी कपाट उघडलं. अठराची आणि एक्केचाळीसची फीत सोडली, आतले कागद बाहेर काढले आणि याचे त्याच्यात आणि त्याचे याच्यात घालून पुन्हा फिती बांधल्या. आता प्रताप घोरवड्याचे कागद एक्केचाळीसमध्ये होते आणि मंगल ठोसरचे अठरात. माझा हिशेब सरळ होता. वशिला चालणार हे नक्की. मग एवढा रोजचा, अध्यक्षांच्या तोंडचा, ताजा वशिला वाया का घालवायचा? ज्या पोरीला कुणी नाही, तिला लागू दे.

त्या रात्री मी फार चांगला झोपलो. चांगल्या कामानं झोप येते म्हणतात, ते खोटं आहे. काम चांगलं आहे असं वाटलं की पुरतं.

निवडीच्या दिवशी समिती दोघांचीच होती, बिडवई सर आणि सरकारी कॉलेजातून बोलावलेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर नलिनी उकिडवे. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. दीड दिवस ते दोघे फायली वाचत होते. उकिडवे बाईंचा चेहरा सेहेचाळीस वेळा तेच औषध प्यायल्यासारखा झाला होता. अठरावर मात्र त्या थांबल्या.

"बिडवई, ही चूक ऐका. 'नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली. माझ्याआधी सिस्टरच्या लक्षात आलं. पेशंट वाचला, त्यात माझं श्रेय नाही. तेव्हापासून नळी घातल्यावर मी आधी छाती दोन्ही बाजूंनी ऐकते, मग कुणाशी बोलते.'" त्यांनी चष्मा काढला. "पंचेचाळीस जणांच्या हातून आजवर काहीच चुकलेलं नाही. मला त्यांची भीती वाटते. हिची नाही वाटत."

"अडुसष्ट," सर म्हणाले.

"अडुसष्ट. सगळ्यात जास्त. संपलं, चला."

"नाही संपलं." सरांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. "आता दुसरा भाग. हे ज्यांच्यासाठी फोन आले ते नंबर. मी रोज लिहून ठेवलेत. ज्याच्यासाठी फोन आला, तो बाद."

माझं पेन कागदावरच थांबलं.

"असा नियम कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"इथं." सरांनी छातीवर बोट ठेवलं. "मुद्दाम जाहीर केला नाही. केला असता तर लोकांनी दुसऱ्यांच्या नंबरासाठी फोन केले असते. कोपर्डेकर, लिहा. बारा बाद. तेवीस बाद. सव्वीस बाद..."

मी लिहीत गेलो. अठरा कधी येतो याची वाट पाहत.

"अठरा. बाद. एकट्या अध्यक्षांचे चौदा फोन आहेत."

"अहो, पण अर्ज सर्वांत चांगला आहे!"

"त्याचंच वाईट वाटतंय. एवढी लायकी असून वशिला लावायची काय गरज होती?"

"सर," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला. "अठराबद्दल एक—"

सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्हालाही फोन आला?"

हे खरंच होतं. "आला, सर."

"मग झालंच. लिहा."

मी लिहिलं. बावीस वर्षांत समोरचा माणूस सरळ असू शकेल, ही शक्यता मी एकदाही हिशेबात धरली नव्हती. मी फायलींना हात लावला नसता तर प्रताप घोरवडे या क्षणी बाद झाला असता आणि अडुसष्ट गुणांची एक्केचाळीस नंबर, जिच्यासाठी जगात कुणी फोन फिरवला नव्हता, ती निवडली गेली असती. पद्धत चोख होती. तिच्यात बिघाड एकच होता आणि तो कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होता.

एकतीस नंबर बाद झाले. उरलेल्या पंधरांत सर्वांत जास्त गुण कुणाला आहेत ते पाहिलं गेलं.

"एक्केचाळीस," सर म्हणाले. "एकोणसाठ गुण. साधारण आहे, पण स्वच्छ आहे. एकही फोन नाही."

"दहाव्या रकान्यात चूक कोणती लिहिलीय त्यानं?"

"अति कष्ट करतो."

बाईंनी सुस्कारा टाकला आणि पर्स उचलली.

नावं उघडण्याआधीच नंबर जाहीर करायचा, म्हणजे कुणाला मागाहून बदलता येणार नाही, हाही सरांचाच नियम. बाहेरच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं खडूनं हातभर मोठा ४१ काढला. मग दोघं जेवायला गेले. तीन वाजता अध्यक्षांसमोर पट्ट्या काढायच्या होत्या. खोलीत मी आणि फायली राहिलो. मला जेवण सुचत नव्हतं. राजीनामा द्यावा, पाय धरावेत, की आजारी पडावं, यांतलं काय सोपं याचा मी विचार करत होतो.

दार ढकलून मंगल ठोसर आत आली. हातात पोच होती.

"भाऊसाहेब, फळ्यावर एक्केचाळीस लिहिलंय."

"हो."

"माझ्या पोचेवर पण एक्केचाळीसच आहे. मी तीनदा बघितलं. काल सकाळपासून झोपले नाहीये, म्हणून म्हटलं डोळ्यांवर विश्वास नको. तुम्ही बघा."

मी पोच हातात घेतली. अक्षर माझंच होतं. एक्केचाळीस. आणि तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फळ्यावर नंबर तिचा होता, पोच तिची होती. फक्त फायलीच्या पोटात घोरवडे बसला होता.

"माझाच ना हो?"

"तुमचाच," मी म्हणालो.

मला वाटलं ती ओरडेल, रडेल, निदान पेढ्यांचं काहीतरी बोलेल. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. "पाच मिनिटं बसते, मग वडिलांना तार करते," म्हणाली, आणि डोकं भिंतीला टेकवून क्षणात झोपली. तोंड थोडं उघडं होतं. इतरांना झोपवणारं माणूस स्वतः कसं झोपतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी उठलो. दोन फिती सोडल्या. कागद जिथले तिथं घातले. दोन फिती बांधल्या. कपाटापासून बाकापर्यंत अंतर सहा पावलांचं होतं, पण ती जागी होईल याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती एवढीच, की पहिल्या वेळेपेक्षा या वेळी माझे हात फार सराईतपणे चालले होते.

तीन वाजता आबासाहेब हसतमुखानं आले. फळा त्यांनी वाटेत पाहिला नव्हता.

"मग, अठरा?"

"बाद," सर म्हणाले.

"एवढे फोन करूनसुद्धा?"

"फोन केलेत म्हणूनच."

आबासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मी पाहिला नाही. मी एक्केचाळीसच्या फायलीची पट्टी ओल्या कापडानं सोडवत होतो. 'डॉ. मंगल निवृत्ती ठोसर' असं नाव निघालं. सरांनी टाळी वाजवली. एकट्यानंच.

उकिडवे बाईंनी फाईल जवळ ओढली आणि सहज पानं उलटली. दहाव्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर, व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुणाऱ्या, सरांनी आताच बोट करून दाखवलेल्या त्या मुलीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. एखाद्या पेशंटची नाडी मोजावी तेवढा वेळ.

"बाई, काही आहे का?" सरांनी विचारलं.

"सही कुठं करायची?" त्या म्हणाल्या.

आठ महिने गेले. प्रताप घोरवडे कर्नाटकातल्या एका कॉलेजात शिकायला गेला. आबासाहेब माझ्याशी बोलेनासे झाले, त्यामुळे सकाळ मोकळी मिळू लागली. बिडवई सर आपल्या पद्धतीवर सभांमधून बोलू लागले आणि मी त्यांची भाषणं टाइप करू लागलो. प्रत्येक भाषणात एक वाक्य असायचं, 'या प्रक्रियेला कोणाचाही हात लागला नाही.' ते टाइप करताना माझ्या हातून हटकून चुका व्हायच्या.

एका दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते नुकतेच थिएटरातून आले होते. डोक्यावर हिरवी टोपी तशीच होती. टेबलावर निवडीचा जुना गुणतक्ता पसरलेला होता.

"बसा, कोपर्डेकर. आज एक फुटलेलं आतडं उघडलं. मधेच पेशंटचा रक्तदाब कोसळला. मी मान वर करेपर्यंत ठोसरनं तो सावरला होता. मला म्हणाली, सर, तुम्ही तुमचं चालू द्या." त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ही मुलगी एकोणसाठ गुणांची नाही."

"नाही, सर."

"किती?"

"अडुसष्ट."

त्यांनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. मग मी सगळं सांगितलं. कपाट, फिती, वाया न घालवायचा वशिला, बाकावरची झोप.

"म्हणजे तुम्ही हात लावला नसता तर?"

"तर तीच आली असती, सर. सरळ. फोनवाला अठरा गेला असता आणि अडुसष्टची एक्केचाळीस आली असती."

"म्हणजे पद्धत बरोबर होती."

"पूर्ण बरोबर होती."

बिडवई सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि माझा हात घट्ट धरून हलवला.

"सर, तिची जागा?" मी विचारलं.

"तिच्या जागेला काय झालंय? पोच तिची, नंबर तिचा, कागद तिचे. पद्धतीप्रमाणे जागा तिचीच आहे."

"आणि मी?"

"तुम्ही दोनदा फाईल उघडलीत."

"दुसऱ्यांदा दुरुस्तीसाठी, सर."

"दुसऱ्यांदाबद्दल आभार," ते म्हणाले. "पहिल्यांदाबद्दल राजीनामा."

माझाच राजीनामा टाइप करायला दुसरं कोण होतं? मी बाहेर जाऊन दोन प्रतींत टाइप केला. या वेळी एकही चूक झाली नाही. सरांनी तो पूर्ण वाचला, 'मंजूर' लिहून सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि विचारलं, "चहा घेणार?"

अवघडेनं दोन कप आणून ठेवले. सरांनी एक घोट घेतला असेल नसेल, तोच दारात थिएटरची सिस्टर उभी राहिली.

"सर, ठोसर मॅडमनी पुढचा पेशंट झोपवलाय. तुमच्यासाठी थांबल्यात."

सर कप तसाच ठेवून गेले. मी माझा चहा सावकाश संपवला. घाई करण्यासारखं मला आता काही उरलं नव्हतं.